आटे चढले, पण चक सरळ बसला नाही: नऱ्ह्याच्या एका लेथचं प्रकरण

गुरुवार होता, म्हणजे भोसरीला सुट्टी. मी घरी होतो. साडेनऊच्या सुमारास फोन आला, "काका, चक निघून बेडवर पडला. मला लागलं नाही, पण मशीनला हात लावायची भीती वाटतेय."

फोन करणाऱ्या मुलीचे वडील आणि मी एकाच टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. ते गेल्यावर त्यांचा छोटा लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, तिने विकला नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला होता, नऱ्ह्यात भाड्याने शेड घेतली आणि शिलाई मशीनचे, जुन्या लंबकाच्या घड्याळांचे बुश, पिन, छोट्या पुली करून द्यायला लागली. कामात हात चांगला आहे. म्हणूनच तिचा आवाज ऐकून मी चहा अर्धा ठेवून निघालो. चक म्हणजे काम करायचा तुकडा, म्हणजे जॉब, पकडून फिरवणारा जबड्यांचा पंजा. शंभर मिलिमीटरचा चक मागच्या बॅकप्लेटसकट साडेतीन-चार किलो भरतो. तो फिरत असताना सुटला, तर कुठे जाईल हे सांगता येत नाही.

पुढे जे लिहितोय त्यात चूक कोणाची हे शोधायचं नाही. आटे जुळवणं म्हणजे नेमकं काय जुळवणं, हा प्रश्न आहे, आणि तो एवढ्या स्वच्छपणे समोर येण्याची संधी मला नोकरीतही फारशी मिळाली नव्हती.

मशीन आणि आधीची हकिगत

लेथ मायफोर्ड एमएल७. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला बनलेला, सेंटरची उंची साडेतीन इंच, लीडस्क्रू, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला ८ आट्यांचा. हे सगळं मशीन इंचात विचार करतं. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण त्याआधीची आणि विलायतेतून आलेली मशीनं पुण्याच्या शेडमधून अजून चालतात, आणि ती चालवणारी मुलं मात्र मिलिमीटरमध्येच शिकलेली असतात. हा सांधा जिथे येतो तिथे घोटाळे होतात.

या लेथच्या स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, तोंड म्हणजे नोज, त्याची रचना आधी सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. हेडस्टॉककडून, म्हणजे स्पिंडल ज्यात बसतो त्या डोक्याकडून, बाहेर येताना आधी एक रुंद सपाट कडा लागते, तो शोल्डर. त्याला लागून आटे नसलेला, गुळगुळीत घासलेला छोटा गोल भाग, व्यास सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी. त्याला आम्ही लोकेशन म्हणतो. आणि त्याच्या पुढे आटे: व्यास नऊ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे एक इंच आणि एक सूत, २८.५७५ मिमी, आणि इंचाला १२ आटे.

वडिलांच्या वेळचा चक झिजला होता. तिने नवा तीन जबड्यांचा चक घेतला. त्याची पाठ सपाट असते. स्पिंडलवर चढवायला मध्ये बॅकप्लेट लागते. शेजारच्या गल्लीत एक जुने टर्नर आहेत, मोठ्या मेट्रिक लेथवर जॉबवर्क करतात. तिने त्यांना सांगितलं, "मिस्त्री, याच्यावर बसेल अशी प्लेट करून द्या." तेवढंच. ड्रॉइंग नाही, आट्याचं नाव नाही.

मिस्त्रींनी व्हर्नियर लावला, २८.५ आला. मेट्रिक आटे-गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर ओळखायच्या दातेरी पानांचा जुडगा, लावला, २ मिमीचं पान बऱ्यापैकी बसलं. त्यांनी २ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये २ मिमी अंतराचे, आटे पाडले. प्लेट दोन फेऱ्यांत अडकली. मग त्यांनी आणखी एक कट घेतला. पुन्हा अडकली, पुन्हा कट. शेवटी प्लेट शोल्डरपर्यंत गेली. "बसली," ते म्हणाले.

प्लेट बसली, पण चक डुलायला लागला. तिने आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, फरक पडला नाही. मग चक आणि प्लेटच्या मध्ये एका बाजूला पातळ पत्र्याचा तुकडा सरकवला, तर डायल, म्हणजे डोलणं मोजणारं काट्याचं घड्याळ, थोडा सुधारला. दुसऱ्या दिवशी चक काढून परत लावला आणि डायल पुन्हा बिघडला. एका ओळखीच्याने सल्ला दिला की जबडेच ग्राइंड करून टाक. ते तिने केलं नाही, हे फार बरं झालं.

तीन आठवडे असं चाललं. त्या गुरुवारी एका छोट्या ब्रॅकेटला टेलस्टॉकमधून, म्हणजे समोरच्या टोकाच्या आधारातून, टॅप मारत होती, म्हणजे भोकात आटे पाडत होती. टॅप आत गेला, बाहेर काढायला तिने मोटर उलटी फिरवली. टॅपने जॉब घट्ट धरला, जॉबने चक धरला, आणि स्पिंडल उलटा फिरत राहिला. म्हणजे स्पिंडल चकमधून सुटून निघाला. चक क्षणभर टॅपवर टांगून राहिला आणि मग बेडवर कोसळला. तिचा हात स्विचवर होता, चकजवळ नव्हता.

पहिल्या दिवशी काय मोजलं

मी गेलो तेव्हा तिने सगळं पुसून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पुसायचं नाही गं, पुरावा जातो." पण प्लेटच्या आट्यांमध्ये टेफ्लॉनचे तंतू अजून होते.

मोजताना मी नेहमी मशीनकडून बाहेर येतो. बाहेरच्या टोकाला दिसणारी चूक कुठल्याही थरातली असू शकते. आतून एकेक थर बरोबर ठरवत आलं की चूक लपायला जागा उरत नाही. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल: दहा मायक्रॉनच्या आत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे बेअरिंग ठीक. लोकेशनच्या गोल भागावर डायल: तेवढाच. शोल्डरच्या तोंडावर: जवळजवळ काही नाही, फक्त एका जागी काटा टचकन उडायचा. तिथे नख फिरवलं तर बारीक बर, म्हणजे वर आलेला धातूचा उंचवटा, लागला, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. कधीतरी चक आपटून चढवला असेल. तेलाचा दगड घेऊन तेवढाच भाग दोन-तीनदा घासला, बर गेला.

त्या बरची किंमत तिला कागदावर काढून दाखवली. शोल्डरच्या टेकणाऱ्या भागाचा व्यास ४० मिमी धरला आणि एका बाजूला ५० मायक्रॉनचा बर किंवा कीस अडकला, म्हणजे साधारण केसाएवढा, तर प्लेट तेवढ्याने तिरकी होते. चकच्या पुढे १०० मिमीवर तोच तिरकेपणा वाढून मध्यापासून १२५ मायक्रॉन होतो, आणि डायल तो दुप्पट दाखवतो, पाव मिलिमीटर. एका केसाने पाव मिलिमीटर! ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग आत जाऊन चक चढवण्याआधी शोल्डर पुसायला एक वेगळं, धुतलेलं, धागे न सुटणारं कापड आणून खिळ्याला लावलं.

आता मिस्त्रींची प्लेट. लोकेशनच्या भोकाचा व्यास ३२.१ आला. स्पिंडलचा ३१.७४५. म्हणजे जवळजवळ ०.३५ मिमी ढिलं. ते भोक असून नसल्यासारखं होतं.

मग कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग आट्यांना लावला. स्पिंडलच्या आट्यांवर पातळ हात, प्लेट चढवली, घट्ट केली, काढली. आतून टॉर्च मारला तर शोल्डरकडच्या जेमतेम दीड आट्यावर निळा उमटला होता. बाकीचे सगळे आटे कोरे. साडेपाच आटे लागलेत असं वाटत होतं आणि काम दीडच आटा करत होता.

दोन मिलिमीटर आणि बारा आटे

इंचाला १२ आटे म्हणजे पिच २५.४ भागिले १२, २.११७ मिमी. मिस्त्रींनी पाडले २.०००. फरक एका आट्याला ०.११७. एका आट्यात हे कोणाला कळणार नाही, आणि म्हणूनच आटे-गेजने फसवलं. मी तिच्या हातात तेच २ मिमीचं पान दिलं आणि सांगितलं, "दोन दात टेकव." बसलं. "आता पूर्ण पान टेकव आणि मागून मोबाइलचा टॉर्च मार." दुसऱ्या टोकाला उजेडाची पट्टी दिसली. गेज दोन दातांवर वाचायचा नसतो. पूर्ण लांबी टेकवायची आणि उजेड बघायचा. आटे तेलकट आणि झिजलेले असतील तर आधी ब्रशने पेट्रोलने धुवायचे.

प्लेटची आट्यांची लांबी ११ मिमी होती, म्हणजे साडेपाच आटे. साडेपाच गुणिले ०.११७ म्हणजे शेवटच्या आट्यापर्यंत साठून ०.६४ मिमीचा फरक. एवढा फरक असताना प्लेट चढायची तर आटा तेवढा ढिला करावाच लागतो, आणि आट्याची बाजू तिरकी असल्यामुळे ०.६४ मिमीची आडवी मोकळीक मिळवायला व्यास सव्वा मिमीच्या आसपास वाढवावा लागतो. मिस्त्रींचे ते सगळे जादा कट तिथे गेले. या आट्याची खोली मुळात १.३५ मिमी. त्यातली दर बाजूची जवळपास ०.६ मिमी प्लेटमधून उडाली होती.

आता वजन कुठे आलं? प्लेटचे आटे स्पिंडलच्या आट्यांपेक्षा जवळ जवळ आहेत. घट्ट केल्यावर शोल्डरच्या बाजूचा पहिला आटा आधी टेकतो आणि पुढच्या प्रत्येक आट्याला फट वाढत जाते. निळ्याने नेमकं तेच दाखवलं. दीड आट्यावर, तेही अर्ध्या खोलीवर, चार किलोचा चक आणि कापण्याचा सगळा मार. चक असा इतक्या दिवस टिकला हेच आश्चर्य.

आट्याच्या दोन बाजूंमधला कोनही वेगळाच. या स्पिंडलचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये हा कोन सुचवला, आणि ब्रिटिश मशीनवर तो शंभर वर्षांहून जास्त राहिला. मेट्रिक आटा ६० अंशांचा. दोघांच्या बाजू एकमेकींवर सपाट टेकत नाहीत, रेषेवर टेकतात.

तिने फोनवर तक्ता उघडला होता. म्हणाली, "काका, नऊ सुताच्या व्हिटवर्थला तर ७ आटे दाखवतंय. आणि बीएसएफला ९." बरोबर. बीएसएफ म्हणजे ब्रिटिश बारीक आटा, आणि १२ या दोघांतही नाही. मशीन बनवणाऱ्यांनी स्पिंडलसाठी स्वतःचा बारीक आटा निवडला, व्हिटवर्थच्या आकारात. तक्त्यात नऊ सूत आणि १२ आटे सापडतात ते यूएनएफमध्ये, अमेरिकन बारीक आट्यात. आणि तिथेच दुसरा सापळा आहे. कोणीतरी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की यूएनएफचा टॅप आण आणि मारून टाक. पिच जुळेल, प्लेट हाताने सहज चढेलही. पण कोन ६० अंशांचा आहे. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे टॅपला सरळ धरून ठेवणारं काही नसतं. भोकात हाताने सुरू केलेला टॅप जरा कलला की आट्यांचा अक्ष आणि लोकेशनचा अक्ष दोन वेगळ्या दिशांना गेले.

मग सरळ बसवतं कोण?

मी तिला एवढंच विचारलं. ती म्हणाली, "आटेच ना?"

बहुतेक जण हेच म्हणतील, मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच म्हटलं असतं. पण आट्याला फिरायला मोकळीक लागतेच. मोकळीक नसेल तर आटा चढणार नाही. आणि ज्याला मोकळीक आहे ते मध्य ठरवू शकत नाही. आट्याचं काम एकच, प्लेटला शोल्डरकडे खेचून दाबून धरणं. प्लेटचा मध्य ठरवतं ते लोकेशन, म्हणजे ३१.७५ चा गुळगुळीत गोल भाग, दहा-वीस मायक्रॉनच्या फटीत. आणि ती कललेली नाही हे ठरवतो शोल्डर, दोन सपाट तोंडं एकमेकांवर बसल्यावर. तिघांची कामं वाटलेली आहेत. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की मशीन डुलतं.

मिस्त्रींच्या प्लेटमध्ये लोकेशन ढिलं होतं, म्हणून मध्य ठरवायचं काम दीड आट्यावर पडलं. शोल्डरवर बर होता, म्हणून सरळपणाही गेला. टेफ्लॉन टेपने तर उलट तोटा केला: मऊ थर मध्ये आला, प्लेट दर वेळी वेगळ्या जागी थांबायची. पत्र्याचा तुकडा एका वेळेपुरता बरोबर होता, कारण त्या वेळी प्लेट जशी बसली होती तसाच तो कापलेला होता. आणि जबडे ग्राइंड केले असते तर आतली चूक बाहेरच्या टोकाला कोरून कायमची ठेवली असती. नंतर कितीही चांगली प्लेट केली तरी चक वाकडाच राहिला असता.

नवी प्लेट

मिस्त्रींकडे परत जायचं का, हा प्रश्न तिने विचारला. त्यांच्या मेट्रिक लेथवर १२ आटे पाडता येतात. १२७ दातांचं गिअर लागतं, कारण २५.४ च्या पाचपटीत १२७ येतो. आणि हाफ नट, म्हणजे लीडस्क्रूला पकडणारा उघडता येणारा नट, सबंध वेळ लावूनच ठेवावा लागतो, दर कटनंतर मशीन उलटं फिरवून मागे यायचं. करता येतं. पण मी म्हटलं, तुझ्या स्वतःच्या लेथचा लीडस्क्रू इंचाला ८ चा आहे. ८ ला १२ म्हणजे दोनास तीन. चाळीस आणि साठ दातांची गिअर लावली की झालं, आणि दर पाव इंचाला दोघांचा मेळ बसतो. ज्या मशीनला आटे हवेत तेच मशीन ते सगळ्यात सोपे पाडून देतं.

प्रश्न उरला तो तपासायचा. प्लेटचे आटे कापताना ती प्लेट लेथवरच बांधलेली असते, मग स्पिंडलवर चढवून बघणार कशी? त्यासाठी आधी डमी. मऊ पोलादाच्या सळईवर, दोन सेंटरच्या, म्हणजे दोन टोकदार आधारांच्या, मध्ये धरून, स्पिंडलच्या नोजची नक्कल करायची: तसंच शोल्डर, तसंच लोकेशन, तसेच आटे.

आटे मोजायला तीन तारांची पद्धत वापरली. बाजारातून तारा आणल्या नाहीत. एका पाकिटातल्या १.२ मिमीच्या तीन ड्रिलच्या गुळगुळीत मुठी वापरल्या, आधी मायक्रोमीटरने तिन्ही सारख्या आहेत हे बघून. दोन तारा एका बाजूच्या दोन खाचांत, एक समोरच्या बाजूला, आणि वरून मायक्रोमीटर. नऊ सूत, १२ आटे, ५५ अंश या हिशोबाने आकडा येतो २८.९८५. तारा धरायला तिसरा हात लागतो. आम्ही ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवल्या. आधी स्पिंडलचे खरे आटे मोजले, २८.९३. थोडी झीज, थोडी मुळातली मोकळीक. डमी आम्ही २८.९४ ला थांबवला, आणि मशीनसोबत आलेली मूळ फेसप्लेट, म्हणजे जॉब बांधायची सपाट तबकडी, त्यावर फिरवून पाहिली. रेशमासारखी गेली, शोल्डरवर ठक करून थांबली. वडिलांच्या मागे राहिलेल्या सामानात ती फेसप्लेट तिने जपून ठेवली होती, त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

मग बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ठोकळा, ११० मिमी व्यासाचा. तो फेसप्लेटवर बांधला, मागे पॅकिंग देऊन, नाहीतर बोअरिंगचं हत्यार आरपार गेल्यावर फेसप्लेटच कापली जाते. आणि पाठीकडची बाजू बाहेर ठेवली. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शोल्डरवर टेकणारं तोंड, लोकेशनचं भोक आणि आटे, तिन्ही एकाच बांधणीत कापायचे. मध्ये ठोकळा सैल केला नाही, हलवला नाही, जेवायला जायच्या आधीसुद्धा नाही. एकाच बांधणीत कापलेल्या गोष्टींचा अक्ष एकच असतो. तो नंतर जुळवावा लागत नाही.

भोक २६.० ला काढलं, म्हणजे हिशोबाच्या २५.८६ पेक्षा जरा मोठं, आट्यांची शिखरं टेकू नयेत म्हणून. आटे ५५ अंशांच्या हत्याराने, बारीक बारीक कट घेत, डमी हाताने जाईपर्यंत. ते मुद्दाम जरासे ढिले ठेवले. लोकेशन मात्र तिने जीव ओतून काढलं. शेवटचे तीन कट दोन-दोन शतांशाचे, प्रत्येक कटनंतर थांबून, भोक थंड होऊ देऊन, कारण बीड गरम असताना डमी जास्त सैल वाटतो. ३१.७६ ला डमी आत गेला तेव्हा हवा बाहेर पडताना फुस्स असा बारीक आवाज आला. ती वर बघून हसली. मी तसाच गप्प उभा राहिलो.

बीड कोरडंच कापतात आणि त्याची भुकटी बेडच्या तेलात मिसळली की कानशीचं काम करते. म्हणून बेडवर आधीच वर्तमानपत्रं पसरली होती आणि काम झाल्यावर मार्गांवरचं सगळं जुनं तेल पुसून नवं लावलं.

नंतर प्लेट उलटून तिच्याच स्पिंडलवर चढवली आणि पुढची बाजू, म्हणजे चक ज्या गोल खांद्यावर बसतो तो, तिथेच, त्याच स्पिंडलवर फिरवत कापला. तो भाग दुसऱ्या कुठल्या मशीनवर कापायचा नाही. या स्पिंडलच्या अक्षावर चक हवा, तर या स्पिंडलनेच तो अक्ष प्लेटवर लिहिला पाहिजे.

आकडे आणि एक मनाई

चक लावून घासलेली २० मिमीची सळई धरली. आधी चकपासून १०० मिमीवर ०.३८ चं डोलणं होतं. आता ०.०५. तीन जबड्यांच्या चकमध्ये स्वतःची एवढी चूक असतेच, त्याबद्दल तक्रार नाही. मला आनंद दुसऱ्या आकड्याचा झाला. चक पाच वेळा काढून पाच वेळा लावला, शोल्डर पुसून, आणि पाचही वेळा डायल दहा मायक्रॉनच्या आत त्याच जागी आला. जुन्या प्लेटला प्रत्येक वेळी वेगळा आकडा यायचा. चूक रोज तीच असेल तर तिच्यासोबत काम करता येतं. रोज बदलणारी चूक असेल तर माणूस आपल्या हातावर संशय घेऊ लागतो, आणि ती गेले तीन आठवडे तेच करत होती.

पण मोटर उलटी फिरवायची परवानगी नव्या प्लेटनेही मिळत नाही, आणि हे मला तिला दोनदा सांगावं लागलं. आट्यांवर चढवलेला चक कितीही नीट बसवला तरी उलट्या दिशेचा जोर त्याला सोडवण्याच्याच दिशेने असतो. झटक्याने ब्रेक मारला तरी तेच: स्पिंडल थांबतो, चक आपल्या वेगाने पुढे जातो. मोठ्या लेथना कॅमलॉकची नोज असते ती यासाठीच, तिथे चक पिनांनी अडकतो. आपल्या छोट्या मशीनवर तसं काही नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. मोटरच्या स्विचची उलट बाजू इलेक्ट्रिशियनकडून तोडून घेतली, तारेचं टोक बंद करून. आणि टॅपसाठी स्पिंडलच्या मागच्या टोकाला लावायचा हाताचा दांडा केला. टॅप आता हाताने आत जातो आणि हाताने बाहेर येतो. टॅप अडकला तर हाताला कळतं आणि माणूस थांबतो. वेळ जास्त लागतो. शंभर नगांच्या ऑर्डरला तिने थोडे पैसे वाढवून मागितले, आणि गिऱ्हाइकाने दिले.

बेडवर चक पडला तिथे एक खड्डा आहे. वर आलेली कडा दगडाने काढली, खड्डा राहिला. खड्ड्याने हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या कॅरेजला काही होत नाही, वर आलेल्या कडेने होतं, म्हणून भरायच्या फंदात पडलो नाही.

पुढच्या आठवड्यात ती डमी घेऊन मिस्त्रींकडे गेली. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी डमी हातात घेतला, पाच मिनिटं नुसता फिरवून बघितला, मग कपाटातून इंची आटे-गेज काढला, जो त्यांच्याकडे होताच, आणि १२ चं पान पूर्ण लांबीवर टेकवून उजेडाकडे धरलं. "पोरी, हे आधी आणून द्यायचं ना," म्हणाले. "आणि मीही विचारायला पाहिजे होतं, कुठल्या मशीनचं आहे ते." डमी त्यांनी दोन दिवसांसाठी मागून घेतला, धायरीला त्यांच्या एका ओळखीच्याकडे अशाच मशीनवर चक डुलत होता.